प्लायवूडचं दार

परवा लेकीला शाळेतून घेतलं अन् आईकडं मुकुंदवाडीला निघाले, तर स्टेशनच्या रस्त्यावर रिक्षा नेमकी त्या दवाखान्यापुढं अडकली. मान वाकडी करून बघितलं अन् जीव चुटपुटला. दवाखाना पार बदलून टाकलाय हो! पुढून सगळी काच, वर निळी पाटी, दारात रबरी पायपुसणं. एक माणूस आत गेला, दार आपोआप मिटलं, अन् एवढासासुद्धा आवाज झाला नाही.

"इथं झालीस तू," मी लेकीला म्हटलं.

"भारी आहे की!"

"भारी कसलं डोंबलाचं. तू झालीस तेव्हा आत प्लायवूडचं दार होतं. खालून पोपडे निघालेलं."

"ईऽऽ! मग कशाला गेलीस इथं?"

"त्या दारासाठीच गेले," मी म्हटलं, तर ती बघतच राहिली. रिक्षावाल्यानंही आरशातून एकदा बघून घेतलं. पण खरं तेच आहे. लोक बाळंतपणाला दवाखाना निवडताना डॉक्टरचा हातगुण बघतात, मशिनी बघतात, लिफ्ट आहे का बघतात. आम्ही दार बघितलं. कुणाला हसायचं तर हसावं, माझं काही जात नाही.

दाराची ही गोष्ट आमच्या गल्लीपासून सुरू होते. मी लहान होते तेव्हा गल्लीत घरोघर संडास नव्हते. टोकाला पत्र्याच्या दारांची एक रांग होती, सगळ्यांना मिळून. आत दिवा नाही, कडी धड नाही. मी अंधाराला लई भ्यायची. दिवेलागण झाली अन् तिकडं जायची वेळ आली की मी उंबऱ्यातच अडून बसायची. मग आई सोबत यायची. बाहेरून दार धरून उभी राहायची, शेजारणींशी गप्पा हाणायची, अन् हाणता हाणता मध्येच विचारायची, "हायेस का, माय?"

आमच्याकडं लेकीला लाडानं माय म्हणतात. मी आतून म्हणायची, "हाये."

बस, एवढंच. तेवढ्यानं माझी भीती जायची. गप्पा रंगल्या अन् आई विचारायची विसरली, की मीच आतून बोंबलायची, "आईऽ, विचार की!" बाहेर बाया खो खो हसायच्या. मला त्यांचा राग यायचा, पण आईनं विचारल्याशिवाय मी काही गप बसायची नाही.

आईचा आवाज म्हणजे काय सांगावं! रविवारी विहारात वंदना ती घ्यायची, माईकबिईक काही नाही. मागच्या भिंतीला टेकून पेंगणारी पोरं ताठ बसायची. मी लग्न होऊन चितेगावला गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुला फोन कशाला पायजे? पैठण रोडला तोंड करून हाक मार, जाती तिथवर." आई फोनच करायची, पण पहिलं वाक्य ठरलेलं. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "हायेस का, माय?" मी शाळेत असले तरी, पोरांपुढं उभी असले तरी, म्हणायची, "हाये." मी शहरातल्या एका खासगी शाळेत शिकवायची. पोरांना वाटायचं, बाईंचीच कुणीतरी हजेरी घेतंय.

पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा दवाखाना नवऱ्यानं निवडला. तो चितेगावातच एका कंपनीत सुपरवायझर. कुठलीही वस्तू घ्यायची तर तो आधी मोबाइलवर दहादा वाचून घेणार. दवाखानाही तसाच निवडला. बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून शहरातलाच, पण मोठा, नवा, फरशीत तोंड दिसेल असा. मलाही आवडला, उगं खोटं कशाला बोलू? एसीची गार हवा अंगावर आली की मला बरं वाटायचं.

सातव्या महिन्यात एक दिवस पोटातलं हलणं थांबलं.

त्यात कुणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी शेजारी बसून नीट समजावून सांगितलं, अन् मला ते पटलंही. पण पटलं म्हणून काय होतं? बाळ तर बाहेर यायलाच हवं होतं. मला एका दारातून आत नेलं, मग आणखी एका दारातून. जाड दारं, मिटली की श्वास रोखून धरल्यासारखी बंद. आत सगळे चांगलेच वागले, एक शब्दसुद्धा कुणी वाकडा बोललं नाही. पण माझं तिथं कुणीच नव्हतं. मी "आई" म्हणून हाक मारली. परत मारली. अन् मग एवढी मोठी घोडी मी, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारी, लहानपणासारखी ओरडले, "आईऽ, विचार की!"

कुणीच विचारलं नाही. बाळ झालं. ते रडलं नाही.

मला खोलीत आणलं. आई उशाशी आली, डोक्यावरून हात फिरवायला लागली. अन् मी पहिलं काय बोलावं? "मी एवढी ओरडले. तू विचारलं का नाहीस?"

आईचा हात थांबला. "तू हाक मारलीस?" ती म्हणाली. "मला नाय गं आली ऐकू."

त्यानंतर आईनं ती हाक बंदच करून टाकली. फोन आला की विचारायची, "जेवलीस का? झोप लागती का?" सगळं विचारायची, तेवढं सोडून. मी वाट बघायची, अन् ती काही विचारायची नाही. मीही तोंड उघडून मागू शकत नव्हते. बाळ गेलंच होतं. त्याच्यामागं ही हाकही गेली, अन् मला तिचंही दुःख बाळाइतकंच झालं.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा दोन्ही घरांत आधी आनंद झाला अन् लगेच भांडण झालं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पुढची सासरी. सासू म्हणाल्या, "विहीणबाई, पहिलं तुमच्याकडं झालं. आता दुसरं आमच्याकडं. रीतच हाये ती."

आई म्हणाली, "पहिलं कुठं झालं? लेकरू हातात आलं नाय. अजून पहिलंच हाये तिचं."

मी तिथंच बसलेली. असं डोकं सणकलं माझं! एक जण माझं बाळ मोजतीय, एक जण मोजत नाही, अन् दोघींना ते आपापल्या सोयीनं पाहिजे. मी म्हटलं, "दोघीबी गप बसा! मला एक बाळ झालंय. हे दुसरं हाये. अन् मी दुसऱ्यालाबी आईकडंच जाणार. ज्याला रीत मोडल्याचं वाईट वाटतंय त्यानं वाटून घ्यावं!"

सासूबाई उठून चहा टाकायला गेल्या. बाई तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवत नाहीत. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "जा बाई माहेरी. पण दवाखाना असा बघा की लेकराला ठेवायची काचेची पेटी असली पायजे. मागच्यावानी मला आता सोसायचं नाय." बोलणं बरोबरच होतं. नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं.

मग आम्ही मायलेकी दवाखाने बघायला निघालो. नवऱ्यानं नावं काढून दिली होती, आई सोबत. मला वाटलं, डॉक्टरला भेटायचं, पेटी बघायची, ठरवून टाकायचं. पण आईच्या मनात वेगळंच शिजत होतं.

पहिला दवाखाना क्रांती चौकाच्या अलीकडचा. मोठ्ठा हॉल, मऊ सोफे, एका कोपऱ्यात खोटं झाड. एका मुलीनं आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. पेटी होती, एक सोडून कितीतरी. बटण दाबलं की वरखाली होणारी खाट होती, आईनं ती दोनतीनदा वरखाली करून बघितली. मग म्हणाली, "बाई, हिला ती बाळंतपणाची खोली दाखवा. मी हितंच थांबते."

मी आत गेले. दार मिटलं. खोली छान होती, मी ती बघत होते. थोड्या वेळानं बाहेर आले, तर आईभोवती वॉचमन, रिसेप्शनवरचा मुलगा अन् सोफ्यावरून उठलेले दोन नातेवाईक. मुलगा विचारत होता, "मॅडम, काही इमर्जन्सी आहे का? तुम्ही ओरडलात का?"

"नाय बापा. आवाज आत जातो का बघत होते." अन् माझ्याकडं वळून, "काय गं, आलं का ऐकू?"

"काय ऐकू?" मी म्हटलं. मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

मुलगा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आजी, आमच्याकडं सगळं साउंडप्रूफ आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली अन् चपला घालायला लागली.

रिक्षात मी तिला फैलावर घेतलं. "आई, काय हे! भर दवाखान्यात बोंबललीस? लोक येड्यात काढतील आपल्याला."

"काढू दे."

"पण कशासाठी?"

आई बाहेर बघत होती. दूध डेअरी मागं गेली. मग म्हणाली, "मागच्या टायमाला मी बाकावर बसले नव्हते. दाराला कान लावून हुभी होते. समदा येळ. मला वाटलं, लेक हाक मारंल. अन् तू मारलीस, तरी मला नाय आली ऐकू. कान लावून हुभी असून नाय आली." पदरानं नाक पुसून म्हणाली, "पेटी बी बघू, डॉक्टर बी बघू. पण मला दार असं पायजे, की तू नुस्ती कण्हलीस तरी मला कळंल."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती बाकावर बसून कुणाशी तरी बोलत असेल, तिच्या सवयीप्रमाणं. मी तिचा हात धरला. त्यानंतर दवाखान्यात ती कितीही ओरडली तरी मी तिला आवरलं नाही.

दुसरा दवाखाना सिडकोतला. तिथल्या सिस्टरनं आम्हाला आधी नियमच सांगितले. नातेवाईक एक, तोही खालच्या मजल्यावर. बाळंतपणाची खोली वरती. आई म्हणाली, "म्हंजे मी खाली अन् लेक वर?"

"हो. अन् जरा हळू बोला." सिस्टरनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. शांतता राखा.

आईनं पाटी वाचली. "शांतता तर मागच्या टायमाला लई झाली, बाई," ती म्हणाली. सिस्टरला काही कळलं नाही. मला कळलं. आम्ही तिथून निघालो.

असे आणखीही बघितले. सगळीकडं घोडं तिथंच अडायचं. आईला आत सोडायला कुणी तयार नाही, अन् दारं अशी की हाक जायची नाही. मुकुंदवाडीतला हा दवाखाना आम्ही सगळ्यात शेवटी बघितला. घराजवळचा, म्हणून त्याची काही किंमतच वाटली नव्हती. लहानपणी त्याच्यावरून मी शाळेत जायची. नवऱ्याच्या यादीत तर त्याचं नावही नव्हतं.

वर गेलो तर एक लांब बोळ, दोन्हीकडं लाकडी बाकं, बाकांच्या मागं भिंतीवर तेलकट डोक्यांचे डाग. बोळाच्या टोकाला ते दार. प्लायवूडचं, फिनेलच्या पाण्यानं खालून फुगलेलं. अन् दारापुढं बाजार भरलेला! आत कुणाची तरी बाळंतपणाची वेळ झाली होती अन् तिची माणसं बाहेरून तिच्याशी बोलत होती. तिची आई म्हणत होती, "दम धर, सोने, आता लई नाय." आतून ती पोरगी किंचाळली, "त्याला म्हणावं, घरी जा! मला तोंड दाखवू नको म्हणावं!" तो बिचारा बाकाच्या कडेला खाली मान घालून बसलेला. एक म्हातारी म्हणाली, "बस रे बाबा, समद्याच असं म्हणत्यात." सगळे हसले. आतली पोरगीसुद्धा रडता रडता हसली, अन् ते हसणं बाहेर लख्ख ऐकू आलं.

मी मनात म्हटलं, हा काय दवाखाना आहे का चावडी! आईकडं बघितलं, तर तिचा चेहरा उजळलेला. मागच्या बाळंतपणापासून तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. तिला इथं हाक मारून बघायची गरजच पडली नाही.

तेवढ्यात स्टेशनातून एक गाडी गेली. काय तो धडधडाट! खिडक्यांची तावदानं वाजली, आतलं बाहेरचं काही कळेना. आई घाईघाईनं म्हणाली, "गाडी गेली की येतंय परत ऐकू." भाजीवाली वांग्यातली कीड अंगठ्यानं झाकते तशी.

डॉक्टर बाई वयस्कर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आमची सगळी हकीकत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली. मी काचेच्या पेटीचं विचारलं.

"माझ्याकडं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. मागं असं झालंय, म्हणजे तुला मी सारखी तपासायला बोलावणार, अन् तू यायचंस. ठोके मला जरा जरी कमी वाटले, बीपी चढलं, तर मी स्वतः तुला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पोचवीन. तिथं माझं बोलणं असतं. उगीच हट्टानं कुणाला धरून ठेवत नाही मी."

आईनं विचारलं, "बाई, मला आत येऊ द्याल का?"

"नाही. आत मी, सिस्टर अन् मावशी. गर्दी मला खपत नाही."

"आत नको मग. दाराला बसू द्या."

"दाराला बसा, नाहीतर खिडकीत बसा. फक्त दार ढकलू नका, कडी सैल आहे."

आईनं माझ्याकडं बघितलं. आता ठरवायचं मला होतं. मी आईसारखी नव्हते, मला पेटीही हवी होती अन् हाकही. घरी येताना रस्त्यानं जीव नुसता इकडून तिकडं होत होता. एखादी गोष्ट आपल्याकडं नाही हे डॉक्टरनं तोंडानं कबूल करावं, हे मला कुठंच भेटलं नव्हतं. त्याच गोष्टीवर माझं मन बसलं. पण बाळाला काही झालं असतं तर मी जन्मभर त्या दाराला शिव्या दिल्या असत्या, हेही मला तेव्हा कळत होतं.

नवरा तर उखडलाच. आईला म्हणाला, "दार बघून कुणी दवाखाना ठरवतं का? मामी, तुम्ही तरी..."

"जावईबापू, तुम्ही एकदा त्या बाईला भेटून या," आई म्हणाली. तो गेला. बराच वेळ बसून त्यांचं डोकं खाल्लं असणार, कारण बाहेर आला तेव्हा घामाघूम होता. मोठा दवाखाना कुठला, तिथं आधी कुणाला फोन जाणार, सगळं विचारून आला. मित्राची गाडी दवाखान्याखाली उभी ठेवायची असंही ठरवून आला. "चालेल," म्हणाला. "पण गाडी मी हलवू देणार नाही." सासूला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दाराला मी बी बसणार."

तो दिवस आला. सकाळपासून कळा होत्या, दुपारी मला आत घेतलं. आतली खोली साधी, भिंतीला हिरवट रंग, वर पंखा कुरकुरणारा. डॉक्टर बाईंनी ठोके बघितले अन् म्हणाल्या, "चांगले आहेत. घोड्यासारखे." मी त्यांना परत बघायला लावलं. त्यांनी न चिडता परत बघितलं.

दारापलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. आईच्या बांगड्या. सासूबाई चितेगावहून आणलेला डबा उघडून नवऱ्याला म्हणत होत्या, "खाय रे, तू काय बाळंत व्हायला बसला का?" आई मला सांगत होती, "पाणी पी. दम सोड. मूठ आवळू नको." सगळं बोलत होती. फक्त ते विचारत नव्हती.

मी वाट बघितली. एक कळ गेली, दुसरी गेली. आईचा आवाज दाराशी येऊन थांबायचा, मला कळायचं की आता तोंडाशी आलंय, अन् ती म्हणायची, "पाणी पी गं." मला रडूच कोसळलं. कळांनी नाही, रागानं. इतके दवाखाने पालथे घातले, इतकं लोकांकडून हसून घेतलं, अन् आता दाराशी बसून ही बाई घाबरते! विचारलं अन् उत्तर आलं नाही तर, म्हणून.

मग मीच सगळा जीव एकवटून ओरडले, "आईऽ, विचार की!"

बाहेर सासूबाईंचा डबा वाजायचा थांबला. अन् मग आला तो आवाज, विहारातला, पत्र्याच्या दारापलीकडचा.

"हायेस का, माय?"

"हाये!"

"हायेस ना?"

"हाये गं!"

माझ्याजवळच्या मावशी हसायला लागल्या. "काय आजी, शाळा भरवली का?" डॉक्टर बाई म्हणाल्या, "चालू द्या. तिचा श्वास नीट लागतोय." मग चालूच राहिलं. कळ यायची, जायची, आई विचारायची, मी म्हणायची. मध्ये एकदा मी नवऱ्याला शिव्या घातल्या, तेही बाहेर ऐकू गेलं अन् सासूबाई म्हणाल्या, "घाल बाई, माझ्या वाटच्या बी घाल."

शेवटी शेवटी मला बोलणं सुधरेना. डॉक्टर बाई म्हणत होत्या, "आता थांबायचं नाही, जोर लाव." बाहेरून आई विचारत होती अन् माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नेमकी तेव्हाच गाडी आली. तावदानं वाजायला लागली, पंखा हलायला लागला, सगळी खोली धडधडत होती. त्या धडधडाटात आई ओरडत असणार, मला माहीत होतं. मला ती ऐकू येत नव्हती, अन् तिला मी. मला वाटलं, झालं, परत तेच. परत तसंच होणार.

गाडी गेली. अन् गाडीच्या मागं राहिलेल्या शांततेत एक बारीक, चिडका, ओला आवाज निघाला अन् वाढतच गेला.

रडत होती! माझी लेक रडत होती. मी डोळे मिटले अन् ते रडणं ऐकत पडून राहिले. ते थांबूच नये असं वाटत होतं.

बाहेर एकच गलका झाला. नवरा काहीतरी मोठ्यानं बोलत होता अन् बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. आईची जुनी पांढरी साडी, धुऊन, उकळून, उन्हात वाळवून तिनं दुपटी फाडून ठेवली होती. त्यातल्या एका दुपट्यात लेकीला गुंडाळून मावशी बाहेर गेल्या. दार परत लोटलं गेलं. "घ्या आजी," मला मावशींचा आवाज आला. "नात झाली. घ्या हातात."

मग आईचा आवाज आला, बारीक. "माझी लेक बोलंना."

"बरी आहे हो. दमलीय. टाके घालतायत."

"बरी हाये तर तिला सांगू द्या."

"आजी, आधी नात तर घ्या! किती वेळ धरू?"

"विहीणबाई, तुम्ही घ्या तिला. मला आधी माझी लेक बोलू द्या." अन् दारावर तिचा तळवा पडला. सैल कडी खडखडली. "हायेस का, माय? माय गं, हायेस का?"

घसा कोरडा पडला होता. जीभ टाळूला चिकटलेली. मी सिस्टरकडं बघितलं, तिनं ओला कापूस ओठांवर फिरवला. मी दाराकडं तोंड केलं.

"हाये, आई. हाये मी."

बाहेर बांगड्या दाराला घासत खाली गेल्या. आई दाराला पाठ लावून फरशीवर बसली असणार. जिच्या आवाजानं विहारातली पेंगणारी पोरं ताठ बसायची, ती माझी आई तोंडात पदर कोंबून रडत होती, आत लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

पण दार प्लायवूडचं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.